स्टॅटिक ब्लॉग: रिकाम्या फोल्डरपासून स्वतःच्या डोमेनपर्यंत

पहिल्या दिवशी एकच लेख लिहायचा, थीम मिळाली तशी लावायची आणि साइट इंटरनेटवर चढवून मोकळं व्हायचं. रंग, फाँट, लोगो हे सगळं त्यानंतर. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. नवख्या माणसाचं घोडं लेखनात किंवा डिझाइनमध्ये अडत नाही, ते अडतं साइट आपल्या संगणकावरून सर्व्हरवर जाताना. इकडे छान दिसणारी साइट तिकडे कोरी येते, चित्रं गायब होतात, सजावट उडते. एका लेखाच्या साइटवर असली चूक दहा मिनिटांत सापडते. चाळीस लेख आणि मनाजोगती बदललेली थीम असेल, तर तीच चूक आख्खा दिवस खाते.

स्टॅटिक म्हणजे नेमकं काय

वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत वाचक पान उघडतो तेव्हा सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढतो आणि पान तिथल्या तिथे जुळवतो. स्टॅटिक साइट जनरेटर हे काम आधीच उरकून ठेवतो. तुमच्या साध्या मजकुराच्या फाइल तो थीमच्या साच्यात बसवतो आणि तयार एचटीएमएल पानांचा गठ्ठा हाती देतो. तो गठ्ठा कुठल्याही साध्या होस्टिंगवर ठेवला की साइट सुरू. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे कोणी घुसायचं म्हटलं तरी दारं फारशी नाहीत. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे: प्रतिक्रिया आणि फॉर्म आपोआप मिळत नाहीत आणि फोनवरून चटकन एखादा शब्द दुरुस्त करणं जरा जिकिरीचं होतं.

जनरेटर डझनावारी आहेत. जेकिल २००८चा, रुबी भाषेतला. ह्यूगो २०१३चा, गो भाषेतला. इलेव्हन्टी जावास्क्रिप्टवर चालतो. जावास्क्रिप्टमध्ये रोजचा वावर असेल तर इलेव्हन्टी घ्या, बाकी सगळ्यांनी ह्यूगो. ह्यूगो म्हणजे एकच चालणारी फाइल. तिच्याबरोबर रुबी किंवा नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) संसार सांभाळावा लागत नाही आणि वर्षभराने पुन्हा हात लावलात तरी ती तशीच चालते. पुढचं सगळं ह्यूगो धरून आहे.

एक सूचना आधीच. इथे कमांड (टर्मिनल नावाच्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा) आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायची. ‘डॉट’, ‘हायफन’, ‘अंडरस्कोअर’ या शब्दांच्या जागी ती चिन्हंच टाइप करायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

ह्यूगो आणि गिट बसवणं

मॅकवर होमब्रू (प्रोग्रॅम बसवून देणारं साधन) असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल ह्यूगो’ एवढं पुरे. विंडोजवर विनगेट हे तसंच साधन वापरा किंवा गिटहबवरच्या (प्रोग्रॅमच्या फाइली ठेवायच्या वेबसाइटवरच्या) ह्यूगोच्या रिलीज पानावरून झिप उतरवा. लिनक्सवाल्यांनी वितरणाच्या भांडारातलं पॅकेज घेण्याआधी त्याची आवृत्ती बघावी, कारण ते बऱ्याचदा खूप जुनं असतं आणि नवी थीम त्यावर चालत नाही. त्यापेक्षा रिलीज पानावरची डेब फाइल बरी. निवड करायची वेळ आली तर ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती घ्या. काही थीमची सजावट सॅस नावाच्या भाषेत लिहिलेली असते आणि ती साध्या आवृत्तीला पचत नाही.

बसवून झालं की टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला नव्या प्रोग्रॅमचा पत्ता माहीत नसतो, म्हणून ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि लोक उगाच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. नव्या खिडकीत ‘ह्यूगो व्हर्जन’ द्या. येणारा आकडा कागदावर लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे. गिटही याच वेळी बसवून घ्या. फाइलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारा आणि त्या सर्व्हरवर पाठवणारा तो प्रोग्रॅम.

सांगाडा आणि थीम

‘ह्यूगो न्यू साइट ब्लॉग’ ही कमांड दिली की ‘ब्लॉग’ नावाचं फोल्डर तयार होतं. आत सात-आठ फोल्डर दिसतील, पण सुरुवातीला कामाची तीनच. ‘कंटेंट’मध्ये लेख, ‘थीम्स’मध्ये थीम आणि ‘स्टॅटिक’मध्ये जशाच्या तशा पाठवायच्या फाइल. शेजारी ‘ह्यूगो डॉट टॉमल’ ही सेटिंगची फाइल असते. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ द्या.

आता थीम. ह्यूगोच्या स्वतःच्या थीम-पानावर शेकडो आहेत, त्यातली अलीकडे दुरुस्त होत असलेली आणि कमीत कमी झगमगाटाची निवडा. पेपरमॉड बरीच वापरली जाते, पहिल्या ब्लॉगला ती ठीक आहे. थीमच्या पानावर ह्यूगोची किमान आवृत्ती दिलेली असते. मघाचा कागदावरचा आकडा तिच्याशी ताडून बघा.

थीम आणताना ‘गिट क्लोन’ करू नका. ‘गिट सबमॉड्यूल ॲड’, पुढे थीमचा पत्ता, पुढे ‘थीम्स’ फोल्डरमधली तिची जागा, अशी कमांड द्या. फरक बारीक वाटतो, पण पहिल्या चढवणीला साइट कोरी येते ती बऱ्याचदा यानेच. एका गिट-रेपोत (गिट सांभाळतो त्या फोल्डरात) दुसरा रेपो नुसता क्लोन करून ठेवला, तर गिट त्यातल्या फाइली पाठवतच नाही. ‘इथे काहीतरी आहे’ एवढी खूण तो करतो. तुमच्या संगणकावर थीम असते, सर्व्हरवर मात्र रिकामं फोल्डर पोचतं. सबमॉड्यूल केलं की थीम कुठून आणायची हे ‘डॉट गिटमॉड्यूल्स’ या फाइलीत नोंदलं जातं.

मग ‘ह्यूगो डॉट टॉमल’ उघडा. साइटचा पत्ता, भाषा आणि नाव अशा तीन ओळी तयार असतात. नाव बदला. भाषेच्या ओळीतला इंग्रजीचा कोड काढून ‘एमआर’ हा मराठीचा कोड घाला. त्याच्या खाली ‘थीम’ची ओळ लिहा आणि तिच्यात थीमच्या फोल्डरचं नाव अक्षरशः तसंच द्या. ही ओळ वरच हवी. टॉमलमध्ये (सेटिंग लिहायच्या या पद्धतीत) चौकटी कंसातलं शीर्षक आलं की त्याखालची प्रत्येक ओळ त्या गटाची धरली जाते. ‘पॅरम्स’ गटाच्या खाली, फाइलीच्या तळाशी थीमची ओळ टाकली तर ह्यूगोला ती दिसतच नाही. मग टर्मिनलमध्ये ‘फाउंड नो लेआउट फाइल’ असा इशारा येतो आणि ब्राउझरमध्ये काहीच उमटत नाही.

पहिला लेख

‘ह्यूगो न्यू कंटेंट’ या कमांडपुढे लेखाचा मार्ग द्या: ‘पोस्ट्स’ फोल्डर, त्यात लेखाच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘इंडेक्स डॉट एमडी’. प्रत्येक लेखाला स्वतंत्र फोल्डर दिलं की त्याची चित्रं त्याच्याच शेजारी राहतात आणि लेखात नुसतं चित्राचं नाव लिहून भागतं.

फाइलीच्या माथ्यावर तीन अधिक चिन्हांच्या दोन ओळींमध्ये तारीख, शीर्षक आणि ‘ड्राफ्ट’ अशी माहिती असते. तिला फ्रंट मॅटर म्हणतात. खाली तुमचा मजकूर, मार्कडाउनमध्ये. मार्कडाउन शिकायला अर्धा तास लागतो: पोटशीर्षकाआधी दोन हॅश आणि एक मोकळी जागा, ठळक शब्दाभोवती दोन-दोन तारे, परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ. चौकटी कंसात दुव्याचे शब्द आणि लगेच साध्या कंसात पत्ता दिला की दुवा झाला. मध्ये एचटीएमएल घुसवू नका. ह्यूगो ते गाळतो आणि व्हिडिओची चौकट पानावर दिसत नाही.

फ्रंट मॅटर हा मात्र चुकांचा अड्डा आहे. मराठीत लिहिणाऱ्याची खास चूक म्हणजे कीबोर्ड मराठीवरच राहतो आणि तारखेत देवनागरी आकडे पडतात. माणसाला ती तारीख दिसते, ह्यूगोला दिसत नाही आणि बिल्ड (पानं बांधायचं काम) तिथेच मोडतो. तारीख इंग्रजी आकड्यांतच हवी: वर्ष, हायफन, दोन आकडी महिना, हायफन, दोन आकडी दिवस. दुसरी चूक अवतरणचिन्हांची. वर्ड किंवा फोनवरच्या नोट्समधून चिकटवलेली चिन्हं वळणदार असतात, इथे सरळ उभी लागतात. काही थीमच्या नमुन्यांत अधिक चिन्हांऐवजी तीन हायफन असतात, म्हणजे ते यामल, माहिती लिहायची दुसरी पद्धत, आहे. यामलमध्ये शीर्षकात विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह आणि त्यापुढे मोकळी जागा आली की सगळं कोलमडतं. मराठी शीर्षकांना हे चिन्ह फार प्रिय, म्हणून यामलमध्ये आख्खं शीर्षक अवतरणात ठेवायची सवय लावा.

‘ह्यूगो सर्व्हर’ आणि पुढे हायफन व मोठा डी असं द्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं (म्हणजे तुमच्याच संगणकाचं) १३१३ क्रमांकाचं पोर्ट उघडा. फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं. मोठ्या डीचा अर्थ ‘ड्राफ्टही दाखव’. तो नसेल तर ‘ड्राफ्ट’ समोर ‘ट्रू’ असलेला लेख दिसणार नाही. प्रसिद्ध करताना तिथे ‘फॉल्स’ करायला विसरणं हे ‘माझा लेख साइटवर आलाच नाही’ या तक्रारीचं पहिलं कारण.

दुसरं कारण वेळेचं, आणि ते चटकन लक्षात येत नाही. पुढची तारीख असलेला लेख ह्यूगो बांधत नाही. ह्यूगोने स्वतः टाकलेल्या तारखेत तुमच्या घड्याळाचा फरक नोंदलेला असतो, पण हाताने नुसती तारीख आणि वेळ लिहिली तर ती यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) धरली जाते. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल आणि तुम्ही सकाळी १० असं लिहिलं, तर ह्यूगोच्या लेखी तो लेख दुपारी साडेतीनचा. तोवर केलेला प्रत्येक बिल्ड त्याला वगळतो. शिवाय साडेतीन वाजले म्हणून तो आपोआपही येत नाही, कारण त्या वेळी कुणी बिल्ड चालवतच नसतं. सेटिंगमध्ये ‘टाइमझोन’ लिहा, प्रश्न मिटतो.

पत्त्यात रोमन, पानावर देवनागरी

लेखाच्या फोल्डरचं नाव हाच त्याचा पत्ता होतो. ते देवनागरीत ठेवता येतं, चालतंही, पण दुवा कॉपी करून कुणाला पाठवला की तो टक्के-चिन्हांच्या रांगेत बदलतो. ‘मराठी’ हा शब्द पाहा: म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८मध्ये (संगणक अक्षरं साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत) प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १५. प्रत्येक बाइट पत्त्यात टक्का आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका शब्दाची ४५ अक्षरं. पाच शब्दांच्या शीर्षकाचा पत्ता असा वाढला की निरोपाच्या मध्येच तुटतो. फोल्डरला रोमन नाव द्या, शब्द हायफनने जोडा, आणि एकदा प्रसिद्ध केल्यावर ते बदलू नका. बदललंच तर फ्रंट मॅटरमध्ये ‘एलियासेस’ खाली जुना पत्ता लिहा, म्हणजे वाचक नव्या पानावर पोचतो.

चित्रांचंही इथेच सांगून टाकू. विंडोज आणि मॅक सहसा छोट्या-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत, सर्व्हरवरचं लिनक्स करतं. कॅमेऱ्याने ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि लेखात तुम्ही छोट्या अक्षरांत लिहिलं, तर चित्र घरी दिसेल आणि साइटवर तुटलेलं येईल. नावं कायम छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. फोनचा मूळ फोटो कित्येक मेगाबाइटचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या चित्रप्रकारात काढलात तर तो सहसा २००-३०० केबीत बसतो. आणि फोटोत लपलेली जागेची नोंद आधी पुसा, नाहीतर घराचा पत्ता चित्राबरोबर जगजाहीर होईल.

साइट चढवणं

होस्टिंगसाठी गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय असे पर्याय आहेत. पहिल्या ब्लॉगला गिटहब पेजेस पुरतं: साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी वाहतूक ही त्याची सर्वसाधारण मर्यादा. पान अर्ध्या एमबीचं धरलं तरी महिन्याला २ लाख वेळा उघडेल.

आधी ‘डॉट गिटइग्नोर’ ही फाइल करून तिच्यात ‘पब्लिक’ फोल्डर आणि ‘डॉट ह्यूगो अंडरस्कोअर बिल्ड डॉट लॉक’ ही दोन नावं लिहा. ‘पब्लिक’ म्हणजे बांधून तयार झालेली पानं. ती सर्व्हर स्वतः बांधणार आहे, तुम्ही पाठवायची गरज नाही. तुमच्या ‘पब्लिक’मध्ये जुना कचराही साठत जातो, कारण ह्यूगो नवीन बांधताना ते आधी रिकामं करत नाही. खोडलेला लेख त्यात जिवंत राहतो.

गिटहबवर नवा रेपो करा. नाव तुमचं वापरकर्ता-नाव, पुढे ‘डॉट गिटहब डॉट आयओ’. याच नावाने केला तर साइट थेट मुळाशी येते. दुसऱ्या नावाने केला तर पत्त्याला तिरप्या रेघेनंतर ते नाव जोडलं जातं, आणि ‘बेस यूआरएल’मध्ये (‘ह्यूगो डॉट टॉमल’मधल्या साइटच्या पत्त्याच्या ओळीत) ते लिहायचं राहिलं की सजावटीची फाइल सापडत नाही. मग सगळी साइट निळ्या दुव्यांची पांढरी यादी होऊन बसते. ‘बेस यूआरएल’ भरताना सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि शेवटची तिरपी रेघ, दोन्ही हवीत. मोफत खात्यात रेपो पब्लिक ठेवावा लागतो. म्हणजे ड्राफ्ट साइटवर नसले तरी रेपोत कुणालाही वाचता येतात. खासगी कच्चं लेखन त्यात ठेवू नका आणि पासवर्ड तर मुळीच नको.

पुश करण्याआधी, म्हणजे फाइली गिटहबवर पाठवण्याआधी, रेपोच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पेजेस’ उघडून ‘सोर्स’ समोर ‘गिटहब ॲक्शन्स’ निवडा. नंतर निवडलंत तर पहिला प्रयत्न लाल फुलीने पडतो आणि पुन्हा चालवावा लागतो. ह्यूगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत गिटहब पेजेससाठी तयार वर्कफ्लो फाइल (साइट बांधून चढवायच्या पायऱ्यांची यादी) आहे. ती ‘डॉट गिटहब’ फोल्डरातल्या ‘वर्कफ्लोज’ फोल्डरात ठेवा. स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, फक्त तिच्यात तीन जागा तपासा. शाखेचं नाव ‘मेन’ आहे, तुमच्या संगणकावर ती ‘मास्टर’ असेल तर ‘गिट ब्रँच’, हायफन मोठा एम, ‘मेन’ असं देऊन नाव बदला. सबमॉड्यूलसमोर ‘रिकर्सिव्ह’ आहे ना ते बघा. आणि ह्यूगोची आवृत्ती तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळवा. इकडे चालणारी साइट तिकडे मोडते तेव्हा या तिसऱ्या जागेवर आधी नजर टाकावी.

मग ‘गिट ॲड’ आणि एक टिंब, ‘गिट कमिट’ आणि एक ओळीचा संदेश, मग रेपोचा पत्ता जोडून ‘गिट पुश’. पासवर्ड विचारला तर खात्याचा टाकून उपयोग नाही, गिटहबने तो १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी बंद केला आहे. टोकन किंवा एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजीची ओळख, लागते. रेपोच्या ‘ॲक्शन्स’ टॅबमध्ये पिवळा ठिपका फिरेल आणि एक-दोन मिनिटांत हिरवी खूण येईल. लाल फुली आली तर तिच्यावर टिचकी मारून नोंद शेवटून वर वाचा. फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक बहुतेक तिथेच मिळतो.

स्वतःचं डोमेन

फुकटच्या पत्त्यावर ब्लॉग चालतो. पण उद्या होस्टिंग बदललंत तर सगळे दुवे मरतात, म्हणून डोमेन, म्हणजे स्वतःचा विकत घेतलेला पत्ता, लवकर घेतलेलं बरं. क्रम महत्त्वाचा: आधी गिटहबच्या ‘पेजेस’ सेटिंगमध्ये डोमेन लिहा, मग डोमेनच्या विक्रेत्याकडे डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं याची नोंद) बदला. उलट केलंत तर मधल्या काळात तुमच्या डोमेनवर दुसरा कोणी आपली साइट लावू शकतो.

डीएनएसमध्ये मूळ डोमेनसाठी चार ए-रेकॉर्ड (सर्व्हरच्या आकडी पत्त्याच्या नोंदी) लागतात: १८५.१९९.१०८.१५३ आणि तिसरा आकडा १०९, ११०, १११ करून उरलेले तीन. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम रेकॉर्ड, तो तुमच्या ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ पत्त्याकडे वळवा. विक्रेत्याने आधीपासून घातलेला जाहिरातपानाचा ए-रेकॉर्ड असतो तो खोडा. तो राहिला तर साइट कधी तुमची, कधी विक्रेत्याची दिसते आणि सुरक्षा प्रमाणपत्रही अडकतं. बदल पसरायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात रेकॉर्ड चाळवत बसू नका. प्रमाणपत्र आलं की ‘एन्फोर्स एचटीटीपीएस’वर खूण करा, ‘बेस यूआरएल’ नव्या डोमेनचा करा आणि डोमेनचं आपोआप नूतनीकरण चालू करा.

आता सजावट

थीमच्या फोल्डरमधली फाइल कधीही थेट बदलू नका. ती सबमॉड्यूल आहे, तुमचा बदल सर्व्हरवर पोचणारच नाही. हवी ती साच्याची फाइल तुमच्या ‘लेआउट्स’ फोल्डरात त्याच मार्गावर कॉपी करा आणि तिथे बदला. ह्यूगो आधी तुमची फाइल बघतो, मग थीमची.

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात, ते पहिल्याच मराठी मथळ्यात कळतं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली दिसली, की समजा सीएसएसमध्ये (सजावटीच्या फाइलीत) ‘लेटर स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, आहे. ते शून्य करा. ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फाँट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता लावता येईल. भाषेचा कोड ‘एमआर’ केल्याचा फायदा इथेही होतो: ज्या फाँटात मराठी वळणाचे ल आणि श स्वतंत्र दिलेले असतात, त्यात ब्राउझर तेच निवडतो.

आरएसएस फीड (नव्या लेखांची यादी) आणि साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) ह्यूगो स्वतः बनवतो. डोमेननंतर ‘इंडेक्स डॉट एक्सएमएल’ आणि ‘साइटमॅप डॉट एक्सएमएल’ उघडून त्यातले पत्ते तुमच्याच डोमेनचे आहेत ना, बघून घ्या. तिथे ‘लोकलहोस्ट’ किंवा ‘एक्झाम्पल डॉट ऑर्ग’ दिसलं तर ‘बेस यूआरएल’ भरायचा राहिला आहे. प्रतिक्रिया हव्या असतील तर गिस्कस हा प्रोग्रॅम आहे, तो गिटहबच्या चर्चा वापरतो, मात्र प्रतिक्रिया देणाऱ्याचंही तिथे खातं लागतं. साध्या वाचकासाठी लेखाखाली ईमेलचा पत्ता बरा.

दुसऱ्या लेखापासून काम एवढंच उरतं: नवं फोल्डर, मजकूर, ‘ड्राफ्ट’ समोर ‘फॉल्स’, ॲड, कमिट, पुश. दुसऱ्या संगणकावर बसलात तर क्लोन करताना ‘हायफन हायफन रिकर्स हायफन सबमॉड्यूल्स’ जोडा, नाहीतर थीमचं फोल्डर तिथे पुन्हा रिकामं येईल.